येलदरी: पाटाच्या पाण्यावरची वीज

(दृश्य: धरणाच्या पायथ्याचं वीजगृह. बाहेर पडणारं फेसाळ पाणी.)

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरीला अडते. धरणाच्या पायथ्याशी ७.५ मेगावॅटचे ३ संच आहेत, १९६८ पासूनचे. एकूण २२.५ मेगावॅट. एवढ्या मोठ्या जलाशयाला एवढीच वीज का?

उत्तर उंचीत आहे. १ घनमीटर पाणी १ मीटर खाली उतरलं की जेमतेम २.७ वॅट-तास ऊर्जा हाती येते. कोयनेच्या पहिल्या टप्प्यात पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं, म्हणून तिथे १ युनिटला, म्हणजे हजार वॅट-तासांना, १ घनमीटरही लागत नाही. येलदरीसारख्या ठिकाणी ३० मीटर उंची धरा. यंत्रातली घट वजा जाता त्याच १ युनिटला सुमारे १४ घनमीटर लागतात. म्हणजे १४ हजार लिटर, टँकरवर जगणाऱ्या गावाला मोठा आकडा. या हिशेबाने एक संच पूर्ण भाराने चालवायला सेकंदाला २९ घनमीटर, म्हणजे हजारभर क्युसेक पाणी सोडावं लागेल. उपयुक्त साठा ८०९ दशलक्ष घनमीटर. तिन्ही संच अखंड चालवले, तर साडेतीन महिन्यांत तो संपेल. खरं तर त्याआधीच, कारण पातळी उतरते तशी उंचीही कमी होत जाते.

(दृश्य: भरावाचं काम, मेंढीपाय रोलर.)

मराठवाड्यात अशा जागी मातीचंच धरण परवडतं. काळी माती आणि मुरूम हाताशी असतात. अवघड काम जमिनीखाली असतं. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये बरेचदा तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा सापडतो, आणि खडकाच्या सांध्यांमधून पाणी वाट काढतं. म्हणून धरणाच्या रेषेत कठीण खडकापर्यंत चर खणून तो काळ्या मातीने भरतात, आणि खालच्या भेगांमध्ये दाबाने सिमेंटचं पाणी भरतात, म्हणजे ग्राउटिंग. ते मुरलं की नाही, हे भोकात दाबाने पाणी सोडून तपासतात: १० बार दाबाला दर मीटर लांबीत मिनिटाला १ लिटर पाणी जिरलं, तर तो १ लुजॉन, म्हणजे पाझर मोजायचं एकक.

काळी माती पोटात, मुरूम अंगावर. काळी माती उघडी राहिली तर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दाबल्यावर १५ सेंटिमीटर राहील असा थर टाकायचा. ओल कमी असेल तर ढेकळं एकजीव होत नाहीत. जास्त असेल तर रोलरखाली माती रबरासारखी हलते आणि आत पाण्याचा दाब साठतो. खालच्या अंगाला वाळूचा फिल्टर हवाच. पाझर थांबत नसतो, त्याला मातीचे कण न नेता बाहेर पडू द्यायचं असतं.

बिघाडाचं एक कारण सहसा लक्षात येत नाही. पाणी भराभर उतरवलं, तर भरावाच्या आतली ओल तशीच राहते, बाहेरचा आधार मात्र जातो, आणि जलाशयाकडचा उतार घसरतो. म्हणून पातळी किती वेगाने उतरवायची, यालाही मर्यादा असते.

(दृश्य: वीजगृहाच्या आत.)

पाणी आधी जाळीतून येतं. पहिल्या पुरात ओंडके, पऱ्हाट्या, बेशरम सगळं तिथे अडकतं. जाळी तुंबली की हातची उंची वाया जाते. पुढे पोलादी नळ, फिरत्या झडपा, चक्र (टर्बाइन), जनित्र. वीजवाहिनी अचानक तुटली की भार शून्य होतो आणि चक्र सुसाट सुटतं. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरने झडपा फार झटकन मिटल्या तर नळात दाबाचा तडाखा बसतो, सावकाश मिटल्या तर वेग हाताबाहेर जातो. पायथ्याच्या वीजगृहात नळ आखूड असल्यामुळे हे निभावतं. लांब बोगदा असेल तर हा तडाखा झेलणारी उभी उल्लोळ विहीर बांधावीच लागते.

पाणी खाली गेलं की जाळीच्या तोंडाशी भोवरा धरतो, हवा आत ओढली जाते, संच थरथरतो. शिवाय ठरलेल्या उंचीपेक्षा कमी उंचीवर चालवलं तर पात्यांजवळ वाफेचे बुडबुडे फुटून पोलादाला खड्डे पडतात. म्हणून पाणी शिल्लक असूनही एका ठरावीक पातळीला संच थांबवतात.

संचांमधून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यात. त्यामुळे येलदरीचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर ठरत नाही. रब्बीचं आवर्तन सुटलं की चक्रं फिरतात, कालवा बंद झाला की थांबतात. उन्हाळ्यासाठी राखलेलं पिण्याचं पाणी विजेसाठी सोडत नाहीत. मग पावसाळ्यात धरण काठोकाठ भरून पूर्णा दुथडी येईपर्यंत वीजगृहात फक्त दुरुस्तीवाल्यांचा आवाज असतो.