होऊन जाईल की ओ साहेब
(सोलापुरातल्या एका व्याख्यानाचं थोडं काटछाट केलेलं लेखन)

तर मंडळी, विषय असा दिलाय की कामाच्या ठिकाणी सरळ 'मला माहीत नाही' म्हणावं का जबाबदारी घ्यावी. जणू काही दोन्हीतलं एकच घरी न्यायला मिळतं. मला विचाराल तर ज्याला पहिलं जमत नाही त्याचं दुसरं बरंचसं नाटक असतं, आणि नुसतं 'माहीत नाही' म्हणून खुर्ची मागं सरकवून बसणारे पण पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं येतोच.

आपल्या गावातलंच घ्या. टॉवेलची ऑर्डर आलीय, पार्टी फोनवर विचारते, मागच्या मालासारखाच शेड येईल ना? इकडून उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल की ओ साहेब, टेन्शन घेऊ नका." आता डाईंगवाले बसलेत इथं, त्यांना विचारा. पाणी बदललं, बोअरचं जड पाणी आलं, रंगाचा लॉट वेगळा निघाला, मीठ-सोडा मागंपुढं झाला, तापमान हललं, यातलं काहीही झालं की शेड सरकतो. त्यात परत ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात नेला की वेगळाच दिसतो असंही होतं, म्हणून तर लोक वेगवेगळ्या उजेडात रंग तपासायची पेटी, लाईट बॉक्स, ठेवतात. हे सगळं ज्याला खरोखर ठाऊक आहे तो 'होऊन जाईल' म्हणतच नाही. तो म्हणतो, "आत्ता सांगता येणार नाही, आधी लॅब डिप काढतो, म्हणजे नमुन्याचा छोटा तुकडा रंगवून बघतो, परवा तो तुकडा पाठवतो, तुम्ही हो म्हणलात तरच पुढचा माल रंगवायला घेतो." ऐकायला जरा फिकं वाटतं, पार्टीला धाकधूक होते, पण जबाबदारी ह्यानं घेतली ओ. पहिल्यानं फक्त धीर दिला, आणि धीर फुकट असतो.

टोयोटा म्हणलं की तुम्हाला गाडी आठवते. पण मूळ धंदा आपलाच, मागाचा. त्याच घराण्यातल्या साकिची टोयोडांचा टाइप जी नावाचा ऑटोमॅटिक लूम 1924 चा, त्यात ताण्यातलं, म्हणजे उभ्या धाग्यांतलं, सूत तुटलं की लूम आपोआप थांबायचा, आणि तो इतका चांगला होता की 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं त्याचे पेटंटचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडनं जगाला लूम विकले त्या इंग्लंडनं! साध्या पॉवरलूमवर हेच काम डोळ्यांनी करावं लागतं, तुटलेलं दिसलं नाही तर कापडात रेघ पडत जाते आणि लूम मात्र खडखड चालूच, झकास आवाज करत.

पुढं गाडीच्या कारखान्यात टोयोटावाल्यांनी हीच गोष्ट माणसांना लावली. लाईनच्या वर दोरी, कामगाराला काही शंका आली की ओढायची. लोकांना वाटतं ओढली की सगळा कारखाना बंद, तसं नाही. ओढली की दिवा लागतो, टीम लीडर तिथं येतो, गाडी त्या टप्प्याच्या टोकाला पोचायच्या आत प्रश्न सुटला तर लाईन चालूच राहते, नाही सुटला तरच थांबते. मला यातली दोरी फार मोठी वाटत नाही, दोरी कुणीही बांधेल, मोठं आहे ते येणारा माणूस. दोरी ओढणाऱ्याची जबाबदारी वेळेवर ओढण्याची, आणि वरच्याची जबाबदारी येण्याची. आपल्याकडं पोरगा म्हणला "मला हे कळेना" तर येतं काय? "मग पगार कशाचा घेतो बे?" झालं. हे एकदा ऐकलं की तो पोरगा रिटायर होईपर्यंत कधी 'कळेना' म्हणणार नाही, आणि साहेब सगळ्यांना सांगत फिरणार की माझ्या डिपार्टमेंटला काही प्रॉब्लेमच नसतात.

विमानातलं एक सांगतो, 27 मार्च 1977, टेनेरिफ बेटावरचं विमानतळ, दाट धुकं, दोन जंबो जेट एकाच रनवेवर. केएलएम ह्या डच कंपनीचं विमान उडायला पळत सुटलं, तेवढ्यात त्यातल्या फ्लाईट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली, त्यानं विचारलं की ते दुसरं विमान अजून रनवेवरनं बाहेर गेलेलं नाही का? कॅप्टननं ठामपणे सांगितलं, गेलंय. गेलं नव्हतं. 583 माणसं मेली. आणि कॅप्टन कोण, तर कंपनीत इतर पायलटांना शिकवणारा सीनिअर माणूस. खालच्यानं विचारलं होतं, दोरी ओढली होती म्हणा ना, पण ओढली ती इतक्या हळू आवाजात आणि समोरचा इतका मोठा की दुसऱ्यांदा विचारायची छाती कुणाची होणार? असल्या अपघातांनंतर कॉकपिटमध्ये ज्युनिअरनं कसं बोलायचं आणि सीनिअरनं कसं ऐकायचं याचं ट्रेनिंगच सुरू झालं. आपलं तर रेल्वेचं गाव, इथल्या लोकांना माहीतच आहे, इंजिनमध्ये लोको पायलट आणि असिस्टंट दोघंही सिग्नल मोठ्यानं बोलतात. असिस्टंटनं बोलायचं का नाही हे त्याच्या धाडसावर सोडलेलंच नाही, नियमातच घातलंय.

आता ते खुर्ची सरकवणारे. दाखला काढायला जा, "मला माहीत नाही, ते टेबल माझं नाही, साहेब रजेवर." यात खोटं काहीच नाही बघा, सगळं शंभर टक्के खरं. फक्त कुणाला माहीत आहे, ते कधी भेटतील, तोवर तुमचा कागद कुणाकडं राहील, हे तिन्ही तुम्ही शोधायचं. याला प्रामाणिकपणा म्हणायला मी तयार नाही.

आणि मालक लोकांनो, पुढं बसलाय म्हणून तोंडावर सांगतो. आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी मजुरी पीसवर आहे, जेवढा माल काढला तेवढे पैसे. लूम थांबवून कामगार विचारायला आला तर तेवढ्या वेळाचे पैसे कुणाचे बुडतात? त्याचेच. मग तो कशाला थांबेल, तो ठोकून देणार आणि रेघ पडलेला माल घडी घालून खाली दाबणार, आणि तुम्ही मीटिंगमध्ये म्हणणार की कामगारांना जबाबदारीची जाणीव नाही. थांबल्याची भरपाई देऊन बघा महिनाभर, मग बोलू जाणिवेबद्दल.

बरं, प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न पुढच्या रांगेतून नको, त्या मागच्या दाराजवळ उभे आहेत त्यांना माईक द्या आधी.