बोरघाट : पाऊस, दगड आणि गाडी

(दृश्य : दाट धुकं. सुरुवातीला फक्त आवाज.)

जुलै महिना. खंडाळ्याचा घाट, म्हणजेच बोरघाट. समोर दरी आहे, पण दिसत नाही. लोहमार्गही दिसत नाही. आधी ऐकू येते ती रुळांची खडखड. मग पांढऱ्या धुक्यात एक पिवळट ठिपका. तो मोठा होतो, त्याच्यामागे इंजिनाचं तोंड उमटतं, आणि डबे एकामागून एक धुक्यातून बाहेर येऊन पुन्हा धुक्यात जातात.

गाडी गेली असं वाटतं, तेवढ्यात शेवटच्या डब्याला मागून रेटणारी इंजिनं येतात. हे बँकर. कर्जतला जोडतात, लोणावळ्याला काढतात. सदतीस फुटांना एक फूट अशी इथली चढण आहे. सुमारे २५ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटर वर येते. पुढचं इंजिन बोगद्यात शिरलेलं असतं आणि बँकर अजून वळणावर असतात. घाटात फोटो काढणारी मंडळी तासन्‌तास छत्री धरून उभी राहतात ती याच क्षणासाठी.

(दृश्य : लेन्सवरचं पाणी पुसणारा हात, छत्री, ओला ट्रायपॉड.)

धुक्यात कॅमेरा फसतो. समोर सगळं पांढरं असलं की उजेड फार आहे असं समजून तो फोटो काळपट करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, हाताने एक-दीड स्टॉप वाढवावं लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर लगेच वाफ धरते. तो थोडा वेळ बॅगेतच राहू द्यायचा, बाहेरच्या हवेची सवय होईपर्यंत. सुती फडकी जितकी न्याल तितकी कमीच.

आणि हे आम्ही मुद्दाम दाखवतोय : कॅमेरा रस्त्याच्या कडेला आहे, रुळांपासून लांब. रुळांवर उतरणं गुन्हा आहे. धुक्यात तर गाडी दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते. लांबची लेन्स याचसाठी असते.

(दृश्य : दगडी भिंत, जवळून. पाण्याचे ओघळ.)

आता गाडीवरून नजर काढून ही भिंत बघा. काळा पाषाण, याच सह्याद्रीचा. मे महिन्यात तो राखाडी, धुळकट दिसतो, त्याच्याकडे लक्षही जात नाही. पाऊस लागला की तोच दगड काळाभोर होतो. प्रत्येक चिरा वेगळा दिसू लागतो, चिऱ्यांमधले चुन्याचे सांधे फिकट उठून दिसतात. कुठली भिंत जुनी, कुठे नंतर सिमेंट भरलं, कुठल्या कमानीत झाडाचं मूळ शिरलंय, हे सगळं ओल्या दगडावर वाचता येतं. जुन्या बांधकामाची नोंद ठेवायची असेल तर पावसाळा टाळू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. कोरड्या दिवसांत देखणे फोटो मिळतात. माहिती मात्र पावसात मिळते.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

या घाटाचे फोटो काढायला सुरुवात झाली ती घाटातला लोहमार्ग बांधला जात असतानाच. १८५६ मध्ये काम सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. पहिल्या कंत्राटदाराच्या हातून काम निघाल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले, आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस परत गेली नाही. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, अनुभवी माणसं नेमली आणि काम पुढे चालू ठेवलं. याच अ‍ॅलिस ट्रेडवेलने या बांधकामाचे फोटो काढले.

त्या काळात फोटो म्हणजे काचेची प्लेट. ओल्या प्लेटची पद्धत असेल तर रसायन जागेवरच लावायचं, प्लेट ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात नेऊन धुवायची. डोंगराच्या कड्यावर, सुरुंगांच्या धुळीत. हलणारी कुठलीही गोष्ट तेव्हा पुसट यायची. अर्धवट पूल, उघडे डोंगर, कापलेला कडा, हे मात्र स्वच्छ येई.

१८६१ मध्ये या कामावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंगांनी त्यांतले कितीतरी गेले.

२१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला. बर्कली ते पाहायला नव्हते, आदल्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

(दृश्य : द्रुतगती मार्ग, वर डोंगर, बाजूला जुनं दगडकाम.)

आता ही जागा. घाटात सरळ वर चढायला डोंगराने वाट दिली नाही, म्हणून खंडाळ्याखाली गाडी उलटी फिरवण्याचं स्थानक बांधलं. गाडी वर येऊन डोंगराच्या टोकाला थांबायची. इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं, आणि उरलेला घाट गाडी उलट्या दिशेने चढायची. कड्याच्या अगदी काठावर रुळांचा हा कोपरा होता. सहा दशकांहून जास्त काळ हे रोज चाललं. १९२९ मध्ये नव्या बोगद्यांतून मार्ग वळवला, वीज आली, आणि स्थानक बंद पडलं. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली.

याच परिसरात अमृतांजन पूल होता. १८३० चा. लोहमार्गाच्याही आधीचा, मुंबई-पुणे रस्त्याचा. औषधाच्या जाहिरातीच्या फलकावरून नाव पडलं आणि तेच टिकलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो स्फोटाने पाडला. त्याचे खांब वाहतुकीला अडत होते, अपघात होत होते.

पुलाचे फोटो हजारो निघाले असतील, बहुतेक गाडीच्या काचेतून. कमानीचा आतला भाग, पायाचे चिरे, पाण्याच्या वाटा, हे नीट टिपलेले फोटो शोधायला गेलं तर हाती फार थोडे लागतात. आमचा आग्रह आहे तो इथेच. घाटात अजून दगडी मोऱ्या आहेत, कठडे आहेत, बोगद्यांची तोंडं आहेत. त्यांच्यासमोर सेल्फीसुद्धा कोणी काढत नाही. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, या घाटातला एक मोठा दगडी पूल चार वर्षांत कोसळला होता. दगडाचं बांधकाम कायमचं असतं, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

(दृश्य : ऑक्टोबर. स्वच्छ आकाश, सोनकीची पिवळी फुलं, नागफणीचा सुळका.)

पाऊस ओसरला की हवा धुतल्यासारखी होते. घाटाचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो. दुपार कलली की ऊन थेट दगडावर येतं. नागफणी, खाली उल्हास नदीचं खोरं, मधून जाणारी गाडी, सगळं एका चौकटीत. कॅलेंडरवर छापले जातात ते हे फोटो. दिवाळीनंतर खालच्या खोऱ्यात धूसरपणा साचू लागतो आणि ही खोली कमी होत जाते.

(दृश्य : उन्हाळा. डोंगरउतारावर दोर बांधलेले कामगार, खाली रूळ.)

मे महिना. पावसाआधी कड्यावरचे सुटलेले धोंडे शोधून पाडायचे असतात. ते रुळांवर आले तर काय होईल ते सांगायला नको. जुलैत धुक्यातून निवांत पुढे सरकणारी गाडी पाहिलीत ना, ती या माणसांच्या कामावर चालते. त्यांचे फोटोही घ्यायला हवेत, त्यांना विचारून.

तुमच्या घरी जुना अल्बम असेल तर एकदा काढा. खंडाळ्याच्या सहलीचे फोटो असतील, माणसांच्या पाठीमागे एखादा पूल किंवा बोगदा आलेला असेल. फोटो सोडवताना फाडू नका, पानासकट स्कॅन करा. मागे मऊ पेन्सिलने जागा, साल आणि महिना लिहा. साल आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आजच.