चढताना धाप, उतरताना पाय जड: स्टेनोसिस समजून घेऊया

नमस्कार. पुण्यात पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. माझा दवाखाना तिथून जवळ, त्यामुळे पहाटे पर्वती चढणारी कितीतरी मंडळी माझ्याकडे येतात. त्यातल्या दोन काकांची गोष्ट आज सांगते.

पहिले काका सत्तरीचे. चढताना निम्म्यावर छाती भरून यायची, धाप लागायची, मग ते कडेला उभे राहायचे. उतरताना मात्र काही त्रास नाही. दुसरे काका त्यांच्याच वयाचे. ते न थांबता वर जायचे. पण उतरायला लागले की मांड्या आणि पोटऱ्या जड व्हायच्या, मुंग्या यायच्या, पायरीवर बसावंच लागायचं. बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकले की चार-पाच मिनिटांत पाय मोकळे.

दोघंही मला म्हणाले, “वय झालं, डॉक्टर.” दोघांच्याही रिपोर्टवर शेवटी एकच शब्द आला, स्टेनोसिस. एकाच्या हृदयाच्या झडपेत, दुसऱ्याच्या कमरेच्या मणक्यांत.

मूळ ग्रीक शब्द ‘स्टेनोस’, म्हणजे अरुंद. वाट अरुंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. ती कुठली वाट आणि तिथून काय जातं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

(नळाला लावलेला पाईप हातात घेऊन)

हा आपला अंगणातला पाईप. पाणी चालू आहे. आता तोंडावर अंगठा दाबते. बघा, धार किती लांब उडाली! पाणी वाढल्यासारखं वाटतं ना? पण आता बादली भरायला जास्त वेळ लागणार. आणि मागे हा पाईप कसा तट्ट फुगलाय, ते माझ्या हाताला जाणवतंय.

पहिल्या काकांच्या हृदयात हेच चाललं होतं. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त जातं ते महाधमनीच्या झडपेतून. या झडपेला तीन पातळ पाकळ्या असतात. पूर्ण उघडली की तिचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटीमीटर असतं. वयानुसार काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं आणि त्या कडक होतात. काही जणांना जन्मापासून दोनच पाकळ्या असतात, त्यांच्यात हे बरंच लवकर होतं. तोंड १ चौरस सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढं उरलं, की आजार गंभीर समजतात. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करताना डॉक्टर ती अंगठ्याखालची धारच मोजतात. रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर झडप फार आवळली आहे.

इथे मला नेहमी विचारतात, “मग दूध बंद करू का? कॅल्शियम असतं ना त्यात?” नाही हो. दूध-दही सोडून हे थांबत नाही. झडप पुन्हा मऊ करणारी गोळीही आज आपल्याकडे नाही.

हृदय बिचारं वर्षानुवर्षं जास्त जोर लावत राहतं. त्याचा स्नायू जाड होतो. घरात बसल्या जागी सगळं निभावतं, म्हणून कुणाला कळत नाही. चढावर शरीर जास्त रक्त मागतं आणि तेव्हा ते मिळत नाही. मग धाप, छातीत दुखणं, भोवळ. या तीन गोष्टींकडे मी हात जोडून लक्ष द्यायला सांगते. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं होतं, की झडप बदलली नाही तर छातीत दुखू लागल्यावर सरासरी ५ वर्षं हातात असतात, भोवळ येऊ लागल्यावर ३ आणि हृदय थकून धाप लागू लागली की २. म्हणून “बघू दिवाळीनंतर” असं इथे चालत नाही.

आणखी एक. छातीत दुखलं म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाची जिभेखाली ठेवायची गोळी देऊ नका. झडप खूप आवळलेली असेल तर त्या गोळीनं रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

उपाय आहे आणि चांगला आहे. छाती उघडून झडप बदलता येते. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआं शहरात अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात, रक्तवाहिनीतून सरकवलेल्या तारेवरून, छाती न उघडता महाधमनीची नवी झडप बसवली. आता हे आपल्याकडेही होतं, बहुतेकदा जांघेतल्या रक्तवाहिनीतून. आपल्या काकांना तसंच केलं.

आता हृदयातली दुसरी झडप, मायट्रल. फुप्फुसांतून आलेलं रक्त हृदयाच्या मुख्य कप्प्यात जातं ते हिच्यातून. तिच्याबद्दल बोलताना माझा जीव तुटतो, कारण हा आजार तरुण मुलींना गाठतो. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, पुढे सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप, र्‍हुमॅटिक फीव्हर. ताप जातो, पण झडपेच्या पाकळ्या हळूहळू एकमेकींना चिकटतात. मुलगी शाळेत पळताना मागे पडते, घरचे म्हणतात नाजूक आहे. लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं आणि एवढं रक्त त्या फटीतून पुढे सरकत नाही, ते फुप्फुसात तुंबतं. माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती, सातवा महिना. रात्री झोपता येत नव्हतं म्हणून उशांचा ढीग पाठीशी लावून बसून रात्र काढायची. “पोटाचा भार आहे, होतं असं,” म्हणून तिला दोनदा परत पाठवलं होतं. स्टेथोस्कोप छातीला लावून कुणी दोन मिनिटं नीट ऐकलं नव्हतं.

या झडपेसाठी जपानच्या कांजी इनोऊए यांनी १९८० च्या दशकात फुगा आणला. तो झडपेत नेऊन फुगवायचा, चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. त्या मुलीला तोच उपयोगी पडला. आणि ज्या मुलांना हा ताप येऊन गेलाय, त्यांचं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षं चालू ठेवा. ते दुखतं, मुलं रडतात, तरी चुकवू नका.

आता दुसरे काका. मणक्यांच्या मधोमध एक नळी असते, तिच्यातून नसा जातात. वयानुसार गादी मागे फुगते, सांधे जाडजूड होतात, आतला पिवळसर पडदा दाट होतो आणि नळी अरुंद होते. गंमत बघा, कंबर मागे गेली की ती आणखी आवळते आणि पुढे वाकलं की थोडी उघडते. उतरताना आपण शरीर मागे तोलतो, म्हणून काकांचे पाय तिथे जड व्हायचे. हीच माणसं सायकल आरामात चालवतात. मॉलमध्ये ढकलगाडीवर ओणवं होऊन तासभर फिरतात.

पायांच्या रक्तवाहिन्या अडल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं. मणक्याच्या त्रासात उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका. १९९० च्या एका अभ्यासात पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या ६७ जणांचा एमआरआय काढला होता. साठीच्या पुढच्यांत दर पाचातल्या एकाची नळी अरुंद दिसली! ऑपरेशन माणसाचा त्रास पाहून ठरवायचं असतं, फिल्म पाहून नाही. काकांचं व्यायामावर भागलं.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मानेतली नळी अरुंद असेल तर शर्टाची बटणं लागत नाहीत, पायातली चप्पल नकळत निसटते. तेव्हाही थांबू नका.

आता घरी एक करा. आई-बाबांसोबत रोजच्या फेरीला जा, त्यांच्या वेगानं. ते कुठे थांबतात, थांबल्यावर उभे राहतात की बसतात, धाप आहे की पाय दुखतात, एवढं बघून डॉक्टरांना सांगा. आणि ज्यांना धाप किंवा भोवळ येते, त्यांना तपासायचं म्हणून मुद्दाम जिना चढायला लावू नका. त्यांना सरळ इकोला न्या.