पहिले भांडवल आणि पहिले कंत्राट

मित्रहो, अमेरिकेतील कृष्णवर्णीय उद्योजकांविषयीची चर्चा बहुतेक वेळा प्रशिक्षण आणि मार्गदर्शन यांपाशीच थांबते. तंत्रज्ञान क्षेत्रात या समाजाला गुणवत्तेची वानवा कधीच नव्हती. अडले ते सुरुवातीच्या पैशावाचून आणि पहिल्या मोठ्या ग्राहकावाचून, हे मला आज ठामपणे मांडायचे आहे.

गुंतवणूकदार दारात येण्याआधी कंपनी तगते ती आईवडिलांच्या बचतीवर, नातलगांच्या उसनवारीवर किंवा घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत मालमत्तेच्या क्रमवारीत नेमक्या मध्यावर येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे 2,85,000 डॉलर भरली, तर तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची जेमतेम 45,000. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवून तेथे घरकर्ज नाकारण्याची रीत गेल्या शतकात कित्येक दशके चालली, आणि ज्यांना घरच घेता आले नाही त्यांच्या मुलांकडे गहाण ठेवायला काही उरले नाही. भेटीच्या वेळा ऑनलाइन ठरवून देणारी कॅलेंडली ही कंपनी 2021 मध्ये 3 अब्ज डॉलर मूल्याची ठरली. पण तिचे संस्थापक टोपे अवोटोना यांना आरंभी निवृत्तीसाठी साठवलेली स्वतःची पुंजीच त्यात ओतावी लागली होती.

नुसते कंत्राट मिळूनही भागत नाही, हे डेव्हिड स्टुअर्ड यांच्या उदाहरणात दिसते. त्यांनी 1990 मध्ये सेंट लुइस येथे वर्ल्ड वाइड टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. पुढे 1993 मध्ये हप्ते थकल्यामुळे वसुलीवाले कार्यालयाच्या आवारातून त्यांची गाडी ओढून नेऊ लागले, तेव्हा आतली कागदपत्रांची बॅग तेवढी काढून घ्यायला ते धावत बाहेर गेले. आज ही कंपनी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय मालकीच्या कंपन्यांपैकी एक आहे. काम हाती असूनही खेळते भांडवल नसेल तर कंपनी किती सहज बुडते, हे त्या प्रसंगात उघड दिसते.

पहिल्या कंत्राटाचे मोल अटलांटा शहराने फार लवकर ओळखले. 1974 मध्ये महापौर झालेल्या मेनार्ड जॅक्सन यांनी नव्या विमानतळाच्या कामांपैकी चौथा हिस्सा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळावा असा आग्रह धरला, प्रखर विरोध पचवला, आणि 1980 मध्ये ते टर्मिनल सुरूही झाले. त्या काळात वाढलेले बांधकाम व्यावसायिक हरमन रसेल यांच्या कंपनीच्या जुन्या मुख्यालयात आज त्यांच्याच नावाचे उद्योजकता केंद्र चालते. कंत्राटांतून उभी राहिलेली पुंजी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ती अशी. पुण्यात 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या ‘डिक्की’ या दलित उद्योजकांच्या संघटनेनेही सरकारी खरेदीत वाटा मागितला, आणि 2012 च्या केंद्रीय धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी 4 टक्के खरेदी राखली गेली.

अमेरिकेत मात्र ही वाट आता अरुंद होत आहे. कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना 20,000 डॉलरचे अनुदान देणाऱ्या अटलांटाच्या फिअरलेस फंडाला वंशाच्या निकषावरून झालेल्या न्यायालयीन लढ्यानंतर 2024 मध्ये तो उपक्रम बंद करावा लागला. तरीही मोठ्या संगणकीय कंत्राटांचे लहान भाग पाडणे, अनामत रकमेची अट शिथिल करणे आणि लहान पुरवठादाराचे बिल महिन्याच्या आत चुकते करणे, या गोष्टींना वंशाचा निकष लागतच नाही. नगरपालिकांनी आणि बड्या कंपन्यांनी हे काम आपल्या खरेदी विभागापासून सुरू करावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.