आगोटीआधी: पगार सोडलेल्या एका घराचा हिशेब

(पडद्यावर: मे महिन्याची दुपार. अंगणभर पसरलेली कोकमाची सालं.)

मेच्या शेवटच्या आठवड्यात दापोली तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा, बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आलेली असते. लाकूडफाटा पडवीत यायचा असतो, कौलं शाकारायची असतात, मीठ, मिरची, सुकी मासळी डब्यांत बंद व्हायची असते. आणि नेमके त्याच दिवसांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून झाडाखाली सडा पडलेला असतो.

या घरात पाच माणसं. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा पुण्यात कारखान्यात होता, सून एका कचेरीत हिशेब बघायची. दोघांनी राजीनामे दिले आणि गावचं बंद घर उघडलं. नावं घालू नका म्हणाले, ‘नाहीतर दर रविवारी अंगणात गाड्या लागतील.’ खरं आहे. ‘नोकरी सोडली, निसर्गात रमले’ छापाचे व्हिडिओ हल्ली पैशाला पासरी झालेत. त्यांत धुकं दिसतं, चूल दिसते, काम तेवढं दिसत नाही.

म्हणून आधी काम बघू.

(जवळून: रातांबा फोडणारे हात.)

रातांबा फोडायचा. साल एकीकडे, गर आणि बिया टोपात. त्यावर मीठ घातलं की जो लालभडक रस सुटतो ते आगळ. साल दिवसभर उन्हात, संध्याकाळी आगळात, सकाळी परत उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. चार-पाच पुटं बसली की साल काळीभोर आणि मऊ होते. तिला आमसूल म्हणायचं. एका पुटातही आमसूल होतं, बाजारात पुष्कळदा तसलंच मिळतं, आणि त्याची आमटी कशी लागते ते आजीला विचारू नका. बियाही फुकट जात नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं, निवलं की गोठतं. ते मुठेल. पावसात चिखलात उभं राहून टाचा फुटतात, तेव्हा तेच लागतं.

मुलगा फोडतो. सातवीतली नात सालं पसरते आणि कोंबड्या हाकते. धाकटा हाकायच्या निमित्ताने पळतो. मिठाचा अंदाज आजीचा, त्यात कोणी हात घालत नाही. सगळ्यांची बोटं आठवडाभर जांभळी. एक सर लवकर आली, की पसरलेल्या मालाला बुरशी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात काढली ती पावसाआधी तयार होणारी, ती याच धास्तीपायी. या घरची झाडं मात्र जुनी, पणजोबांच्या वेळची. ती आपल्या सवडीने पिकतात.

आता भाताचा हिशेब. कोकणात गुंठ्याला साधारण २५ ते ३० किलो भात होतं. भरडल्यावर त्याचा दोन तृतीयांश तांदूळ धरा. दोन वेळा भात जेवणाऱ्या पाच माणसांना वर्षाला तीन-साडेतीनशे किलो तांदूळ सहज लागतो. म्हणजे निव्वळ भातालाच १७-१८ गुंठे झाले. नाचणीला डोंगरउताराचा तुकडा वेगळा. कुळीथ आणि पावटा भात कापल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर येतात.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक, ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे, पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं असं म्हणत. किती पान, किती ऊन, किती पाणी, असं मोजून शेती करायची ही त्यांची शिकवण, आणि ती पक्की आहे. मुलाने त्यांचं सगळं वाचलंय. पण पहिल्या पावसाळ्यात त्याला कळलं, की गणितात वानर धरलेलं नाही. भाजी पोसायची आपण, आणि खायची टोळीने. आता परसात भेंडी-वांगी कमी, सुरण, अळू जास्त. जमिनीखालचं वानराला दिसत नाही. रानडुकराला दिसतं, ते वेगळं.

(आजी. पाठीमागे चूल.)

ही दोघं आली तेव्हा वाडीत कौतुक झालं. आजी मात्र गप्प होती. तिला विचारलं तर म्हणाली, “ह्यात नवं काय? आम्ही हेच करत होतो. तेव्हा बाप्ये मुंबैला असायचे, एवढाच फरक.”

एवढाच, पण त्यात सगळं आलं. ज्याला आपण आज स्वयंपूर्ण घर म्हणतो, ते रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं घर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. भात-नाचणी घरची, पण मीठ, तेल, कापड, औषध, सावकाराचं व्याज हे लालबाग-परळच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर. आणि शेत, गोठा, विहीर, लाकडं हे सगळं बायकांच्या अंगावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि इथल्या चुलींपर्यंत त्याची झळ पोचली. आजीचे यजमान त्यातलेच. ते गावी परत आले, पण लावणीला कधी वाकले नाहीत. “सवय नव्हती,” ती म्हणते, आणि विषय संपवते.

म्हणून या घरात एक नियम आजीने घातलाय: पाणी पुरुषाने भरायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या मुलखात एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पंप हवा ओढायला लागला की खालच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, कळशा आणाव्या लागतात. मुलगा आणतो. सकाळची भाकरीही तोच थापतो, जाडजूड असते, पण असते. कारण सकाळी सात ते दहा सून लॅपटॉपसमोर.

हे व्हिडिओत सांगू का, असं तिनेच विचारलं. सांगायलाच हवं. पुण्यातल्या चार-पाच दुकानदारांचे जीएसटीची विवरणपत्रं ती इथून भरते. आमसुलं, आगळ, काजू यांचे पैसे वर्षातून एकदा येतात. विजेचं बिल, रिचार्ज, डॉक्टर, शाळेची पुस्तकं वर्षातून एकदा येत नाहीत. मनीऑर्डर बंद झालेली नाही, मोबाइलवर यायला लागलीय. पाठवणारी व्यक्ती घरातच आहे आणि तिला सकाळची भाकरी आयती मिळते, हा फरक लहान नाही.

याच तालुक्यात कुडावळे गावात दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी राहतात. टेल्कोतल्या अभियंत्याची नोकरी सोडलेला माणूस गरजा कमी करून कसं जगतो, हे पाहायला लोक तिथे वर्षानुवर्षं जातात. त्यांची वाट विचारातून आलेली. आमच्या या घराची वाट तितकी सरळ नाही. मुलगा सांगतो की निम्मा विचार होता आणि निम्मा कंटाळा.

(जुने फोटो: आडव्या पडलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं.)

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडच्या बागा भुईसपाट झाल्या. हे दोघं येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. विहिरीजवळच्या आगरातल्या पोफळी दुपारपर्यंत आडव्या. पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. छप्पर अर्धं उडालं. वीज कितीतरी दिवस नाही.

त्या पावसाळ्यात कोणी उपाशी राहिलं नाही. कणगीत भात होतं, कुळथाचं पीठ होतं, आमसुलं होती. पण कौलं परसात उगवत नाहीत. कौलं, वासे, सुताराची मजुरी, सगळं रोख. पुण्याच्या नोकरीतली शिल्लक त्यात गेली. ती नसती तर? मुलगा या प्रश्नावर हसत नाही. “तर परत गेलो असतो,” म्हणाला.

ज्यांना हे बघून नोकरी सोडावीशी वाटतेय त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही मुळात शेतकरी असावं लागतं. कूळ कायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. सातबाऱ्यावर नाव नाही त्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. आणि नाव आहे त्याचं तरी कुठे सुखाचं असतं! या घराच्या सातबाऱ्यावर आजीसकट अकरा नावं आहेत. दोन वारलेली, तीन विरारला, एक बडोद्याला, आजी इथे, बाकीची पुण्या-डोंबिवलीत. जमीन सामाईक. मुलाने लावलेली काजूची कलमं, नवी पोफळ, दुरुस्त केलेली विहीर, सगळं अकरा जणांच्या जमिनीवर.

चुलते वाईट नाहीत. मे महिन्यात येतात, फणस नेतात, आमसुलांचे डबे नेतात, “तुम्ही आहात म्हणून घर उभं आहे” म्हणतात. सह्या मात्र होत नाहीत. एका चुलत्याने मागच्या वर्षी अंगणात उभं राहून विचारलं, की रस्त्यालगतचा तुकडा विकला तर काय येईल. रस्त्यालगतचा तुकडा म्हणजे भाताचे तेच १७-१८ गुंठे. सून त्या दिवसापासून खर्चाची वही दोन प्रतींत ठेवते: कलमं किती, खड्ड्यांची मजुरी किती, पाइप किती.

वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे दिलाय. पुढची तारीख जूनच्या अखेरीस आहे. तोवर तरवा, म्हणजे भाताची रोपं, वीतभर झालेली असतील, म्हणून लावणी त्याच १७-१८ गुंठ्यांत करायची ठरलीय. आजी म्हणते, “निकाल काय लागायचा तो लागो, उभं पीक कोण काढून टाकतो बघू.” सुनेने तेवढ्यात वकिलाला फोन लावलेला असतो.