नकार हरतो, कलम उरते : डॉक्टरांची संघटना आणि आरोग्य धोरण

मित्रहो, डॉक्टरांची संघटना सरकारवर दबाव आणते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंद दवाखाने, घोषणा आणि मंत्र्यांच्या दालनाबाहेर ताटकळलेले शिष्टमंडळ येते. हे सारे घडते, नाही असे नाही. पण खरे काम त्याच्या बरेच आधी आणि बरेच नंतर, मसुद्याच्या कागदावर चालते. कायद्यात ‘तपासणी करील’ असे लिहायचे की ‘तपासणी करता येईल’, एवढ्याशा फरकासाठी संघटनेचे जाणते सभासद आणि त्यांचे वकील दिवसेंदिवस खपतात, कारण पहिल्या शब्दांनी अधिकारी बांधला जातो आणि दुसऱ्यांनी मोकळा सुटतो. या फरकाची बातमी होत नाही. संघटनेचा जाहीर नकार हा पुष्कळदा अशा कलमांच्या सौद्यासाठीच उभा केलेला असतो आणि नकार हरला तरी सौदा पदरात पडलेला असू शकतो, हे मला आज दाखवायचे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. १९४६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा, म्हणजे सर्वांना सरकारी खर्चाने उपचार देणाऱ्या सेवेचा, कायदा संमत झाला आणि ५ जुलै १९४८ हा सेवा सुरू होण्याचा दिवस ठरला. आरोग्यमंत्री होते अन्युरिन बेव्हन. समोर होती ब्रिटिश मेडिकल असोसिएशन, आणि तिचे सचिव होते चार्ल्स हिल, जे युद्धकाळात रेडिओवरून घराघरांत आरोग्याचा सल्ला देणारे ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून प्रसिद्ध होते. (लोकांच्या ओळखीचा आवाज हाताशी असणे हे संघटनेचे केवढे भांडवल असते, हे निराळे सांगायला नको.) फेब्रुवारी १९४८ मध्ये संघटनेने सभासदांचा कौल घेतला, तेव्हा ४०,००० हून अधिक डॉक्टरांनी विरोधात आणि ५,००० हून कमी डॉक्टरांनी बाजूने मत दिले. एवढ्या मतांपुढे कोणताही मंत्री नमेल, असे वाटावे.

बेव्हन नमले नाहीत, पण त्यांनी विरोधाची फोड केली. या विरोधात दोन वेगळ्या प्रकारचे डॉक्टर होते. रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना खासगी रुग्ण तपासण्याची मुभा हवी होती; ती त्यांना मिळाली, आणि सरकारी रुग्णालयांत पैसे भरणाऱ्या रुग्णांसाठी खाटाही राखून ठेवल्या गेल्या. साध्या भाषेत ज्यांना आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो, त्यांची भीती वेगळी होती: आज ना उद्या आपल्याला पगारी सरकारी नोकर केले जाईल. तेव्हा रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड मोरन मध्ये पडले आणि एप्रिलमध्ये बेव्हन यांनी संसदेत जाहीर केले की पूर्णवेळ पगारी सेवा निव्वळ नियम काढून लादता येणार नाही, त्यासाठी नवा कायदाच करावा लागेल. मे महिन्यात पुन्हा कौल घेतला गेला. बहुमत तेव्हाही विरोधातच होते, पण विरोधातल्या फॅमिली डॉक्टरांचा आकडा संघटनेनेच आखलेल्या मर्यादेच्या खाली आला होता, आणि संघटनेने सेवेत सामील व्हायला मान्यता दिली. पुढे १९४९ च्या दुरुस्ती कायद्यात ते आश्वासन कलम होऊन बसले. म्हणजे ज्या कायद्याला संघटना कडाडून विरोध करीत होती, त्याच कायद्यात तिच्या हिताची भिंत बांधली गेली. हा पराभव होता की विजय, या प्रश्नाला मी तरी एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही.

अमेरिकेत अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वेगळी वाट धरली; तिने मंत्र्याला गाठण्याऐवजी मतदाराला गाठले. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना हाणून पाडण्यासाठी तिने सभासदांवर प्रत्येकी २५ डॉलरची वर्गणी बसवली आणि व्हिटेकर आणि बॅक्स्टर या व्यावसायिक प्रचारकांना नेमले. त्यांच्या मोहिमेत ल्यूक फिल्ड्स यांचे १८९१ मधले एक चित्र दवाखान्यांत लागले. दोन खुर्च्या जोडून निजवलेले आजारी मूल, दिव्याच्या उजेडात हनुवटीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत बसलेला डॉक्टर, मागे अंधारात हताश आईबाप. आणि मजकूर असा की या चित्रात राजकारण आणू नका. प्रचार म्हणून ही कामगिरी अव्वल होती. पण खोलीत उपचाराचे बिल कुठेच दिसत नाही, हेही ध्यानात घ्यावे. योजना बारगळली. तरी १९६५ मध्ये, संघटनेचा विरोध डावलून, वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आलाच. आणि त्याच्या पहिल्याच कलमात, म्हणजे कलम १८०१ मध्ये, केंद्र सरकारने वैद्यकीय व्यवसायावर देखरेख वा नियंत्रण ठेवू नये असे नमूद झाले. नकार पुन्हा हरला, आणि कलम पुन्हा उरले.

सरकार या मंडळींचे ऐकते ते केवळ संपाच्या धास्तीने नव्हे. आरोग्य खात्याला योजना राबवायला हात लागतात, आणि ते हात डॉक्टरांचे असतात. शिवाय, लोक मंत्र्यापेक्षा आपल्या डॉक्टरवर अधिक विश्वास ठेवतात. हा विश्वास संघटनेने स्वतःच्या मानधनासाठी खर्च केला की तो पटकन आटतो. रुग्णासाठी खर्च केला की काय होते, हे त्याच ब्रिटिश संघटनेने १९८४ मध्ये दाखवले. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी यावी म्हणून तिने डॉक्टरांना काळ्या काठाची कार्डे वाटली. धूम्रपानाने आपला रुग्ण दगावला की डॉक्टरने एक कार्ड भरून त्या मतदारसंघाच्या खासदाराला टपालाने धाडायचे. भाषण नाही, घोषणा नाही. आपल्या भागात आणखी एक माणूस गेला, एवढीच वर्दी. मला विचाराल तर मोठ्या मोर्चापेक्षा असे कार्ड हातात धरणे खासदाराला जड गेले असणार, कारण मोर्चाला उत्तर देता येते, कार्डाला काय देणार?

तरीही शुद्ध लोकहित आणि शुद्ध स्वार्थ असे दोन कप्पे पाडून संघटनांचा निवाडा करण्याच्या मी विरुद्ध आहे. डॉक्टर थकलेला आणि नाराज असेल तर रुग्णाचेही नुकसान होते, हा युक्तिवाद खराही असतो आणि सोयीचाही असतो. तो पुढे करणाऱ्यालाही दर वेळी यातला फरक सांगता येत नाही. ब्रिटनमधल्या ज्या सेवेत यायला डॉक्टर तयार नव्हते, तिच्यातल्या मानधनाचा वाद १९५२ मध्ये न्यायमूर्ती डँकवर्ट्स यांच्यासमोर गेला आणि निवाडा डॉक्टरांच्या बाजूने लागला. आणि २०११ मध्ये सरकारने त्या सेवेची फेररचना करणारे विधेयक आणले, तेव्हा ते मागे घ्या म्हणून आग्रह धरणाऱ्यांत तीच ब्रिटिश मेडिकल असोसिएशन होती, आणि तिचा मुद्दा असा होता की यामुळे राष्ट्रीय आरोग्य सेवेला धोका आहे. विधेयक त्याही वेळी, २०१२ मध्ये, संमत झाले, पण वाटेत त्यात झालेल्या दुरुस्त्यांची यादी बरीच लांबली होती.