गोरेंग पिसांग आणि चुन्याची निवळी

नमस्कार, श्रोतेहो.

मलेशियात दुपार कलली की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मोठ्या कढया तापू लागतात. टपरीला तिथे ‘गेराई’ म्हणतात. कामावरून परतणारी माणसं थांबतात, तपकिरी कागदी पिशवी भरून घेतात आणि चहाबरोबर खातात. त्या पिशवीत बहुतेक वेळा गोरेंग पिसांग असतं. पिसांग म्हणजे केळं आणि गोरेंग म्हणजे तळलेलं. व्याकरणाने पाहिलं तर ‘पिसांग गोरेंग’ म्हणायला हवं, पण मलेशिया आणि सिंगापूरमध्ये टपरीवर ‘गोरेंग पिसांग’ हेच जास्त ऐकू येतं.

आपली कच्च्या केळ्याची बेसनातली भजी डोळ्यांसमोर आणू नका. इथे केळं पूर्ण पिकलेलं असतं आणि बेसन अजिबात नसतं. वरचं कवच पातळ, खडबडीत आणि इतकं कडक, की दाताखाली त्याचा आवाज झाला पाहिजे. या गुणाला मलायी लोक ‘रांगुप’ म्हणतात आणि टपरीची परीक्षा याच एका शब्दावर होते. आत मात्र केळं मऊ, गोड आणि किंचित आंबूस हवं.

पहिली चूक केळं निवडतानाच होते. टपरीवाले पिसांग राजा, पिसांग नांगका, पिसांग तांदुक किंवा पिसांग निपाह वापरतात. राजाचा गर केशरी आणि घट्ट असतो. तांदुक म्हणजे शिंग, आणि ते केळं शिंगासारखंच लांब आणि वाकडं असतं. या जाती तळणीत आकार धरून ठेवतात. आपल्या बाजारात सगळीकडे मिळणारी जळगावची केळी खायला उत्तम, पण तेलात पडली की त्यांचा लगदा होतो आणि कवचाला आतून वाफ लागते. महाराष्ट्रात हा पदार्थ करायचा तर राजेळी केळी घ्या. वसईत सुकेळी ज्याची करतात, तेच हे केळं. साल पिवळी होऊन तिच्यावर काळे डाग पडेपर्यंत थांबा. नुसत्या पिवळ्या केळ्याला तुरटपणा राहतो, आणि साल सगळी काळी पडली की गर तेल पितो.

आता पीठ. लिहून घ्यायचं असेल तर कागद-पेन्सिल जवळ घ्या. तीन मोठ्या राजेळी केळ्यांना 150 ग्रॅम तांदळाची पिठी, 50 ग्रॅम मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद. कुरकुरीतपणा तांदळाच्या पिठीचा, कारण तिच्यात मैद्यासारखा चिकट ताण नसतो. पण नुसती पिठी केळ्याला धरत नाही, सुटून तेलात पडते. तेवढ्यापुरताच मैदा. तो वाढवलात तर कवच पावासारखं फुगेल आणि पाच मिनिटांत मऊ पडेल.

या पिठाचा जीव मात्र चुन्यात आहे. मलायी भाषेत त्याला ‘कापुर सिरिह’ म्हणतात. सिरिह म्हणजे विड्याचं पान, म्हणजे आपण पानाला लावतो तोच हा चुना. नाव ऐकून कोणी कापूर घालू नका. चुना घ्यायचा तो खायचाच, रंगकामाचा मुळीच नाही, आणि तो डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यायची.

एक चमचा ओला चुना कपभर पाण्यात ढवळा आणि अर्धा तास ठेवून द्या. गाळ खाली बसेल. वरची नितळ निवळी तेवढी हळूच ओतून घ्या. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, एका लिटरमध्ये दोन ग्रॅमही नाही, त्यामुळे निवळी वापरली की प्रमाण सहसा हाताबाहेर जात नाही. चुना घोटून थेट पिठात घालणाऱ्यांचाच पदार्थ कडवट होतो. 100 मिलिलिटर निवळी आणि साधारण 150 मिलिलिटर साधं पाणी एकत्र करा आणि थोडंथोडं पिठात घाला. पीठ इतपत सरसरीत हवं, की पळीच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ तशीच राहील. शेवटी दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन.

चुना जास्त झाला का, हे पिठाच्या रंगावरून कळतं. हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं, हे कुंकवाच्या देशात सांगायला नको. पीठ पिवळं राहिलं किंवा त्याला हलकी केशरी झाक आली तर ठीक. तांबूस होऊ लागलं तर चुना जास्त झाला आहे. तेव्हा चिमूटभर हळद वाढवून रंग झाकू नका, थोडी पिठी आणि साधं पाणी घालून पीठ वाढवा.

केळी उभी चिरून दोन फाका करा, फार लांब असतील तर आणखी मधोमध कापा. काही ठिकाणी देठाकडचा भाग जोडलेला ठेवून पातळ काप देतात आणि केळं पंख्यासारखं पसरतात. कडा वाढतात, म्हणजे कुरकुरीत भागही वाढतो. चिरलेलं केळं ओलसर असतं, म्हणून आधी कोरड्या पिठीत घोळवा. ही पायरी गाळली तर कवच तळताना सुटतं, केळ्यातली साखर तेलात उतरून जळते आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके पडतात. पिठी तळाशी बसते, म्हणून दर वेळी केळं बुडवण्याआधी पीठ तळापासून ढवळा. पहिला घाणा छान आणि तिसरा चिवट झाला, तर पीठ ढवळायचं राहिलं असं समजा.

तेल 170 ते 175 अंशांवर ठेवा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आला पाहिजे. तळाशीच बसून राहिला तर तेल गार आहे, आणि पडताक्षणी तपकिरी झाला तर फार तापलं आहे. केळी तरंगतील इतकं तेल हवं आणि एका वेळी पाच-सहाच तुकडे सोडायचे. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं लागतात. सुरुवातीचा जोराचा चरचराट हळूहळू मंदावतो, कारण पिठातलं पाणी निघून जात असतं. त्या आवाजाकडे कान ठेवा. रंग आला पण चरचर तशीच असेल तर काढायची घाई करू नका.

काढल्यावर जाळीवर उभे करून निथळवा. कागदावर आडवे रचले किंवा झाकले, की वाफ कोंडून केलेलं काम वाया जातं. कागदी पिशवीतून घेणार असाल तर तिचं तोंड उघडं ठेवा.

जोहोर राज्यात हे सांबाल किचापबरोबर खातात, आणि माझ्या मते हीच या पदार्थाची उत्तम जोडी आहे. दहा लवंगी मिरच्या आणि तीन लसूण पाकळ्या खलात ठेचायच्या. त्यात एक चमचा साखर, चार चमचे गोड सोया सॉस आणि लिंबाचा रस. गरम गोड केळ्यावर तिखट, खारट, आंबट असा तो घास पहिल्यांदा चमत्कारिक वाटतो, पण दुसऱ्या घासाला हात आपोआप वाटीकडे जातो. अलीकडे वर किसलेलं चीज आणि गोड घट्ट दूध घालतात. मला ते पटत नाही. ओलाव्याने कवच मरतं आणि केळ्याची स्वतःची गोडी झाकली जाते.

त्याच कढईत रताळं, टॅपिओका, नीरफणस आणि हंगामात चेंपेदाकही तळतात. चेंपेदाक हा फणसाचाच धाकटा भाऊ. त्याचा गरा आठळीसकट पिठात बुडवतात, वास दूरवर जातो. तुम्ही तिथे गेलात आणि कढईत चेंपेदाक दिसला, तर केळी थोडी कमी घ्या, पण तो चुकवू नका. आणि टपरी निवडताना काचेच्या पेटीतला तयार ढीग पाहू नका. जिथे घाणा निघताच संपतो आणि लोक पुढच्या घाण्यासाठी उभे असतात, तिथे थांबा.